खेळ सोडून पाळक व्हायचं म्हणतोय

प्रश्न : सर, आम्ही खानापूरचे. मुलगा बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या हॉकी संघातून खेळतो. आता म्हणतो, शिक्षण आणि खेळ दोन्ही सोडून चर्चमध्ये पाळक व्हायला बंगळूरला शिकायला जातो. त्याचे वडील भडकलेत. ‘एवढी वर्षं मैदानावर घातली ती काय उपासनेत गाणी म्हणायला?’ म्हणतात. एवढ्या वरच्या पातळीवर खेळलेला कुणी पाळक झालाय का? मी अडवू की जाऊ देऊ?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, झालाय की. एरिक लिडेल. जन्म 1902 चा, चीनमध्ये, मिशनरी आईबापाच्या पोटी. एडिंबरा विद्यापीठात शिकताना 1922 आणि 23 साली तो स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला, विंगला. आपल्याकडं रग्बी फार कुणी बघत नाही म्हणून सांगतो, विंगवाल्यानं चेंडू काखेत मारून कडेनं सुसाट सुटायचं, आणि धिप्पाड गडी अंगावर येऊन आदळणार हे धरूनच चालायचं. पुढं धावण्यासाठी त्यानं रग्बी सोडली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. रविवार प्रभूचा, मी पळणार नाही, म्हणाला. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं, म्हणून चारशेची तयारी केली आणि 47.6 सेकंदांत सुवर्ण मारलं. दोनशेचं कांस्य त्याआधीच खिशात होतं. (ऐन बोटीत चढताना त्याला रविवारचं कळलं, ही त्याच्यावर सिनेमा काढणाऱ्यांची करामत.)

एवढी गोष्ट रविवारच्या शाळेत मुलानं ऐकली असेल. तुमच्या कामाचं आहे ते पुढचं. सुवर्ण मिळालं त्याच महिन्यात त्यानं बी.एस्सी.ची पदवी घेतली, अर्धवट टाकली नाही. मग वर्षभर धर्मशास्त्र शिकला, तेव्हाही पळतच होता. 1925 ला चीनमध्ये तिएनत्सिनला गेला तो पाळक म्हणून नव्हे, मास्तर म्हणून. कॉलेजात विज्ञान शिकवायचा, पोरांना खेळवायचा. पाळकाची दीक्षा घेतली 1932 साली. पदकानंतर आठ वर्षांनी! एवढी साल-सनावळ मुलापुढं ठेवा.

आता यजमानांसाठी. 1941 मध्ये युद्धाचं सावट बघून लिडेलनं गरोदर बायको आणि दोन मुलींना कॅनडाला धाडलं. तिसरी मुलगी त्यानं कधी पाहिलीच नाही. 1943 ला जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत डांबलं. तिथं आईबापांपासून तुटलेली कितीतरी पोरं होती. हा त्यांचा ‘एरिक काका’. शिकवायचा, सामने भरवायचा. फक्त रविवारी खेळ बंद. एका रविवारी पोरांनी आपली आपणच हॉकी सुरू केली. पंच नाही, मग काय, हाणामारीच झाली. पुढच्या रविवारी पंच म्हणून मैदानात उभा कोण? हाच! ऑलिंपिकसाठी जो नियम त्यानं मोडला नाही, तो या पोरांसाठी मोडला. अशा वेळी पोरं कुणाचं ऐकतात, प्रवचन देणाऱ्याचं की खेळून आलेल्याचं, ते यजमानांनीच सांगावं. मी जन्मभर शाळेत पोरं खेळवलीत, मला विचारायची गरज नाही. लिडेल 21 फेब्रुवारी 1945 ला त्या छावणीतच मेंदूतल्या गाठीनं गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

जाता जाता, त्याला चीनला धाडणारी लंडन मिशनरी सोसायटी म्हणजे 1820 ला आपल्या बेळगावात आली तीच.

तर अडवू नका, पण आत्ताच्या आत्ता सोडूही नका. पदवी पुरी करू दे. तोवर मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांबरोबर वाड्यावस्त्यांवर हिंडू दे. मयताला अपरात्री धावणं, मंडळीतली भांडणं, तुटपुंज्या पगारात घर चालवणं, सगळं डोळ्यांनी बघू दे. बघूनही जातो म्हणाला तर पेटी भरून द्या. यजमानांनी स्टेशनवर सोडायला यावं, एवढं मात्र तुम्ही बघा.

आणि यंदाची निवड चाचणी त्याला चुकवू देऊ नका. ती रविवारी आलीच, तर जायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे, तुम्ही दोघं मध्ये पडू नका.