मॉडेल मोटारींची कापाकापी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 1:24 स्केलची गाडी जमिनीलगत आणायची आहे. चाकं वर सरकवली की टायर फेंडरला (चाकावरच्या कमानीला) आतून टेकतो. किती खाली न्यावी आणि कशी?

आधी हिशेब करा. या स्केलमध्ये 1 मि.मी. म्हणजे खऱ्या गाडीचे 24 मि.मी. दोन मि.मी. खाली आणली तरी खऱ्या गाडीत ती जवळजवळ 5 सें.मी. बसल्यासारखी दिसते, आणि बहुतेक मॉडेलांना तेवढं पुरतं. तीन मि.मी.च्या पुढे गेलात की मागचा अॅक्सल (चाकांचा दांडा) चेसिसच्या तळाला भिडतो आणि तळच कापावा लागतो.

रंगाचा डबा उघडण्याआधी बॉडी, चेसिस, सीटांचा टब आणि काचा मास्किंग टेपने नुसत्या जोडून घ्या. चाकं फेंडरमध्ये हव्या त्या जागी चिकट मातीने बसवा आणि गाडी सपाट काचेवर ठेवा. दाराखालच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे मोजा. मोजायला स्टायरीन शीटचे (पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे) तुकडे एकावर एक रचून खाली सरकवले की झालं. पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा मि.मी. खाली असला तर गाडी डौलदार दिसते. उलट झालं तर ती मागे सामान भरल्यासारखी वाटते.

लोखंडी अॅक्सल आरपार जात असेल तर जुन्या भोकालगत दुसरं भोक पाडू नका, दोन्ही एकमेकांत मिसळतात. जुन्या भोकात स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिचा) तुकडा पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या द्रवाने, घट्ट बसवा, एक दिवस वाळू द्या, मग वर नवं भोक पाडा. चाकाची खुंटी हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेली असेल तर ती कापून वर चिकटवावी लागते. नुसत्या सिमेंटवर हा सांधा टिकत नाही. दोन्ही तुकड्यांत 0.8 मि.मी.चं भोक पाडून त्यात पितळी तार घाला.

आता फेंडरची घासाघास. फेंडरची कड आतून गोल पातीने खरवडून पातळ करा आणि मधूनमधून दिव्यासमोर धरा. प्लास्टिक उजळायला लागलं की थांबा, त्यापुढे बोटाच्या दाबानेही कड लाटेसारखी होते. तरीही टायर अडत असेल तर बाहेरून फेंडर फुगवण्यापेक्षा टायरची आतली बाजू सपाट घासा. ती कुणाला दिसत नाही.

प्रश्न : लाल प्लास्टिकच्या बॉडीवर प्रायमर मारून पांढरा रंग दिला, तरी गाडी गुलाबी झाली. आणखी हात मारू का?

मारू नका. प्लास्टिकमधला लाल रंग थिनरमध्ये विरघळून वर चढतो, आणि प्रत्येक ओल्या हातासोबत तो आणखी वर येतो. साधा प्रायमर त्याला अडवत नाही. रंग पूर्ण वाळू द्या, 800 नंबरच्या वॉटर पेपरने घासा आणि चंदेरी रंगाचे दोन पातळ, कोरडे हात मारा. त्यातले अॅल्युमिनियमचे कण खवल्यांसारखे एकावर एक बसतात आणि लाल रंगाची वाट अडते. मग पुन्हा प्रायमर आणि पांढरा. हा उपाय आधी बॉनेटच्या आतल्या बाजूवर करून दोन-तीन दिवस ठेवून बघा. गुलाबी छटा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते.

प्रश्न : जुन्या अमेरिकन गाडीचं छत 4 मि.मी. कापून खाली बसवलं, पण पुढचे खांब जुळतच नाहीत.

जुळणार नाहीतच. खांब तिरपा असतो, म्हणून मधला पट्टा काढला की वरचं टोक आत आणि खालचं बाहेर राहतं. खांब उभ्या रेषेपासून 30 अंश कललेला असेल तर 4 मि.मी. उंचीमागे सुमारे 2.3 मि.मी.चा फरक पडतो. मागचा खांबही तेवढाच तिरपा असेल तर छत एकूण साडेचार मि.मी. आखूड पडतं. म्हणून आधी मागचे खांब जुळवून चिकटवा, मग छत मधोमध आडवं कापा, पुढचा अर्धा भाग पुढे सरकवून खांबांवर बसवा आणि मधली फट स्टायरीनच्या पट्टीने भरा. दुसरा मार्ग म्हणजे पुढचे खांब बुडाशी अर्धवट कापून मागे कलवणं. गाडी अधिक वेगवान दिसते, पण दाराच्या काचेची चौकटही बदलावी लागते.

कापताना एक युक्ती वापरा. 4 मि.मी. रुंदीची मास्किंग टेप प्रत्येक खांबावर समपातळीत चिकटवा आणि तिच्या दोन्ही कडांच्या आतून करवत चालवा. करवतीची पातीही 0.2 ते 0.3 मि.मी. प्लास्टिक खाते. टेपच्या बाहेरून कापलंत तर चारऐवजी साडेचार मि.मी. जाईल. सांधा सुपरग्लू आणि तारेच्या खुंटीने करा. पातळ सिमेंट बारीक खांब मऊ करतं आणि छत एका बाजूला झुकतं. किटमधली काच आता निरुपयोगी आहे. कागदाचा नमुना कापून 0.25 मि.मी.च्या पारदर्शक शीटवर उतरवा.

पहिल्यांदाच हे करत असाल तर तिरप्या खांबांच्या 1949च्या मर्क्युरीऐवजी 1932ची फोर्ड घ्या. तिचे खांब जवळजवळ उभे आहेत, हा सगळा त्रिकोणमितीचा तास वाचतो.

प्रश्न : कपाटात ठेवलेल्या मॉडेलच्या चाकांवर टायरच्या जागी खाच पडली आहे. उंदराने कुरतडलं का?

नाही, टायरनेच खाल्लं. मऊ विनाइल टायरमधलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर पडतं आणि ज्याला टेकेल ते स्टायरीन वितळवतं. डबाबंद किटमध्येही टायर काचेला चिकटले तर काच खराब होते. किट घरी आणलं की टायर वेगळ्या पिशवीत ठेवा. चाकाच्या कडेवर बेअर मेटल फॉइलचा (मागे गोंद असलेल्या पातळ धातूच्या कागदाचा) पट्टा गुंडाळून मग टायर चढवा. रंगाचा थर पुरेसा नाही, तोही मऊ पडतो.

प्रश्न : काचेच्या आत पांढरट धुके आले.

सुपरग्लूची वाफ. काचा लावायला पांढरा गोंद वापरा, आणि गाडीत इतरत्र सुपरग्लू लावला असेल तर बॉडी बंद करण्याआधी रात्रभर उघडी ठेवा. आता आलेलं धुकं पॉलिशिंग कंपाउंडने निघतं, अर्थात काच बाहेर काढता आली तरच.

प्रश्न : इनॅमल रंगावर लॅकर क्लिअर (लॅकरचा पारदर्शक हात) मारला आणि रंगाला सुरकुत्या पडल्या.

लॅकरचा थिनर तेज असतो, तो खालच्या इनॅमलमध्ये शिरून त्याला फुगवतो. लॅकरवर इनॅमल चालतं, उलट चालत नाही. सुरकुतलेला भाग घासून नीट होत नाही. बॉडीवरचा रंग पूर्ण उतरवा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. जिथे निघणार नाही तिथे पुन्हा बुडवा. खोली हवेशीर ठेवा आणि जवळपास आग नको. अॅसिटोन वापराल तर रंगासोबत बॉडीही जाईल.