ॲपल पायचं बूड कच्चं राहतं, आणि उरलेल्या पारीचं काय करायचं?

तुमचे दोन प्रश्न आहेत. ॲपल पाय वरून खरपूस होतो, पण बूड चिकट राहतं. आणि कडेची कातरण पुन्हा मळून लाटली की चामट होते.

बूड बिघडतं ते बहुतेक वेळा सफरचंदाच्या पाण्यामुळे. फोडींना साखर आणि लिंबू लावून पाऊण तास चाळणीत ठेवा. खाली जमलेला रस टाकून देऊ नका. तो पाकासारखा दाट आटवा, पूर्ण गार करा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअरबरोबर फोडींत परत घाला. कोमट सारण भरलंत तर पारीतलं लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळतं, मग पुढे काहीही करा. ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) साचा सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा: २०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर साधारण अर्धा तास. काचेपेक्षा ॲल्युमिनियमचा साचा बरा, लवकर तापतो. शिवाय फ्रिजमधली काच तापलेल्या ट्रेवर ठेवली तर तडकू शकते.

पारीचं माप: २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड लोणी, चार-पाच टेबलस्पून बर्फाचं पाणी. लोणी खारट असेल तर वेगळं मीठ नको.

आता कातरण. पोळीच्या कणकेची सवय असलेला हात इथे आवरायला हवा. तुकड्यांचा गोळा करून मळू नका. एकावर एक सपाट रचा, तळव्याने दाबा, झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग लाटा. मळलं की ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन) ताठ होतं आणि लोण्याचे कण पिठात जिरतात. रचलं की थर टिकतात. (चिरोटे करणाऱ्यांना हे सांगायला नकोच.) एकदा परत लाटलेलं चालतं, त्यापुढे नाही.

इंग्लंडमध्ये या तुकड्यांचे जॅम टार्ट करतात. कॅनडातल्या क्युबेकमध्ये लोणी आणि ब्राउन शुगर पसरून गुंडाळी करतात आणि चकत्या कापून भाजतात. माझं मत तिखट काड्यांना. लाटलेल्या पारीवर किसलेलं चीज, लाल तिखट आणि हातावर चुरडलेला ओवा पसरा, घडी घालून पुन्हा हलकं लाटा, बोटभर रुंद पट्ट्या कापून पीळ द्या. २०० अंशांवर १२ मिनिटांच्या आसपास होतात. बाहेर ओघळलेल्या चीजची ट्रेवर कुरकुरीत जाळी तयार होते. ती आधी कोण खातं यावरून आमच्याकडे भांडणं होतात. प्रोसेस्ड चीज चालतं, पण मुरलेल्या चेडारची गंमत वेगळी.

एक मात्र करू नका: याचे शंकरपाळे तळायला जाऊ नका. लोणी एवढं आहे की तेलात विरघळतील.

लगेच करायचं नसेल तर पारी चपटी करून गुंडाळा. फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, नंतर करडी पडते. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने सहज. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा.