बायको कमावते, मी घरी असतो, आणि लोकांना सांगतो फ्रीलान्सिंग चालूय

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, याची मुलगी दीड वर्षाची आहे, बायकोची सॅलरी याच्यापेक्षा बरीच जास्त, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की मुलगी मोठी होईपर्यंत याने जॉब सोडून घर बघायचं. त्याला ते आवडतंय सुद्धा. पण वडील म्हणतात 'एवढं शिकवलं ते यासाठी का', मित्र म्हणतात 'मजा आहे तुझी, आराम', आणि हा सगळ्यांना सांगतो की फ्रीलान्सिंग चालूय. बायकोलाही तेच सांगायला लावलंय. आणि मला विचारतोय, ताई, मी पुरुष म्हणून कमी पडतोय का?

नाही रे, अजिबात नाही.

आरामाचं म्हणशील तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 साली जगभरातली आकडेवारी काढली होती, बायका दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं बिनपगारी घरकाम आणि सांभाळण्याचं काम करतात आणि पुरुष 1 तास 23 मिनिटं. एवढे तास कोणीतरी रोज राबतं तेव्हा घर चालतं, फक्त त्याचा पगार नसतो म्हणून ते काम कुणाला दिसत नाही. तुझ्या आईने हेच केलं ना इतकी वर्षं? तिला कोणी विचारलं का की तुझं शिक्षण वाया गेलं म्हणून? तिने केलं तेव्हा ते तिचं कर्तव्य आणि तू केलंस की कमीपणा, म्हणजे खरं तर त्या कामालाच आपण कधी किंमत दिली नाही, आणि मला याचाच जास्त राग येतो.

आणि लाज वाटते म्हणून स्वतःला दुबळा समजू नकोस. स्वीडनमध्ये 1974 पासून आई किंवा बाप कोणीही मुलासाठी पगारी रजा घेऊ शकतो, म्हणजे कायदा होता, पैसे मिळत होते, तरी कितीतरी वर्षं ती रजा जवळजवळ सगळी बायकाच घेत राहिल्या. शेवटी 1995 मध्ये एक महिना असा ठेवला की तो दुसऱ्या पालकाला देताच येत नाही, बापाने घेतला नाही तर गेला, तेव्हा कुठे बरेच बाप घरी थांबायला लागले. इतका जोर असतो लोक काय म्हणतील याचा, तू एकटा नाहीयेस यात.

पण फ्रीलान्सिंगचं खोटं मला पटलेलं नाही. तू लपवतोस म्हणजे समोरच्याला तूच सांगतोस की हे लपवण्यासारखं आहे, मग तो टोमणा मारणारच. आणि बायकोचा विचार केलास का? तिला ऑफिसमध्ये 'एवढ्या लहान मुलीला सोडून येतेस?' हे ऐकावं लागत असणार, वर घरचं खोटंही तिनेच सांभाळायचं. मला तर वाटतं तिला तुझ्यापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागतंय आणि ती तुला सांगत नाहीये. आधी तिच्याशी बोल, वडिलांचं नंतर.

वडिलांशी वाद घालू नकोस. घर चालवायचं म्हणजे कमवायचं, त्यांनी आयुष्यभर हेच केलं, त्यामुळे त्यांना खरंच भीती वाटते की उद्या तुझं काय. तेव्हा सरळ सांग की आम्ही दोघांनी हिशोब करून ठरवलंय, अमुक वर्षापर्यंत मी घरी आहे, पुढे असा असा विचार आहे. पहिल्यांदा नाहीच पटणार त्यांना, चालेल, पण दर वेळी तेच आणि तेवढंच सांग. मित्रांना तर 'मुलीला सांभाळतो' एवढं एक वाक्य पुरे.

आता पैशाचं, याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीयेस म्हणून मुद्दाम विचारते, स्वतःच्या खर्चासाठी तुला तिच्याकडे मागावे लागतात का? तसं असेल तर जॉइंट अकाउंट करा, दोघांचा हक्क सारखा, आणि तुझ्या नावावर बचतही चालू राहू दे. घरी राहणाऱ्या बाईला मी हेच सांगते म्हणून तुलाही सांगतेय. आणि तुझ्या फील्डमधल्या लोकांशी बोलणं तोडू नकोस, अधूनमधून एखादा कोर्स कर, कारण गॅप पडल्यावर परत जॉब मिळवणं अवघड जातं, बायकांना जातं तसंच तुलाही जाईल. त्याची तयारी आत्तापासून केलीस तर वडिलांना सांगायलाही तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल.