टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला आहे. बॅटरीवर रात्रभर चालेल असा एसी कोणता घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, आत झोपणार तिघं, हाताशी घरच्या इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, आणि विक्रेता १२ व्होल्टचा छतावरचा पार्किंग एसी (इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारा) गळ्यात मारतोय. माझा सल्ला थोडक्यात: एसी २४ व्होल्टचा घ्या, ट्युब्युलर बॅटऱ्या घरीच राहू द्या, आणि एसीची ऑर्डर देण्याआधी गाडीला इन्सुलेशन करून घ्या. खरा खर्च एसीचा नाहीच, त्याला रात्रभर पोसणाऱ्या बॅटरीचा आहे. त्यामुळे हिशोब उलट्या बाजूने करायचा.

आधी उष्णता. ट्रॅव्हलरसारख्या गाडीचं छत, बाजू आणि तळ मिळून साधारण ३५ चौरस मीटर पत्रा धरा. रात्री आत-बाहेर ८ अंशांचा फरक ठेवायचा असेल, तर नुसत्या पत्र्यातून अंदाजे १४०० वॅट उष्णता आत येते. त्याच पत्र्याला आतून २५ मिमीची बंद पेशींची नायट्राइल शीट (रबरी फोम) नीट चिकटवली की हा आकडा ३५० च्या आत येतो. काचा वेगळ्या: ५ चौरस मीटर एकेरी काच म्हणजे आणखी २३०. पडद्यांनी फार काही होत नाही; काचेच्या मापाच्या चकचकीत फोमच्या झडपा करून घ्या. झोपलेलं माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता सोडतं. म्हणजे इन्सुलेशन केलेल्या गाडीत एसीला रात्री सतत ८००-९०० वॅट उष्णता बाहेर फेकायची आहे, न केलेल्या गाडीत दुपटीहून जास्त. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं गणितच वेगळं. छताचा पत्रा ६५ अंशांवर जातो, आणि तेव्हा बॅटरीवर गारवा मिळवायचा नाद सोडून सावली शोधावी हे बरं.

आता एसी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा पार्किंग एसी पहिल्या तासात ७५०-८०० वॅट ओढतो, गाडी गार झाली की ३००-४०० वर उतरतो. आठ तासांचे विजेचे सव्वातीन युनिट (किलोवॅट-तास) धरा. इन्सुलेशन नसेल तर तो खाली उतरतच नाही, आणि सहा युनिट जातात. कोकणात आणि गोव्यात रात्रीचं तापमान कमी दिसलं तरी हवेतलं पाणी गाळण्यात एसीचा बराच दम खर्च होतो, म्हणून तिथे हिशोब सैल ठेवू नका. उलट नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खिडकी थोडी उघडी ठेवून छोटा १२ व्होल्टचा कूलर पन्नासेक वॅटमध्ये भागवतो. तुमच्या सहली बहुतेक विदर्भातच असतील तर एसीआधी त्याचा विचार करा.

तुमच्या दोन ट्युब्युलर मिळून कागदावर ३.६ युनिट. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली की लवकर मरते. शिवाय १५० एएच हा आकडा २० तासांत हळूहळू वापरण्याचा आहे; जोरात ओढल्यावर तेवढंही मिळत नाही. हाती दीड युनिट आलं तर नशीब. अकराला लावलेला एसी तीनच्या आत बंद पडेल. घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट: २५.६ व्होल्ट, २०० एएच, म्हणजे ५.१२ युनिट. त्यातले ८० टक्के, चार युनिट, रोज निर्धास्त वापरता येतात. एसी, पंखे आणि छोटा फ्रिज त्यात बसतात. वजन पन्नासेक किलो, म्हणजे साधारण एका ट्युब्युलरएवढंच.

२४ व्होल्टचा आग्रह तारेमुळे. ८०० वॅटला १२ व्होल्टवर ६७ अँपिअर लागतात, २४ वर ३३. बॅटरी ते छत ४ मीटर, जाऊन-येऊन ८ मीटर, १६ चौरस मिमीची तांब्याची तार धरली तर १२ व्होल्टवर ०.६ व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे ५ टक्के. त्यात तारेच्या टोकाला दाबून बसवलेला लग सैल असेल तर आणखी. मग बॅटरी भरलेली असूनही एसी ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद होतो आणि लोक एसीला शिव्या देतात. २४ वर तीच तार जेमतेम १ टक्का खाते. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत बसवा, तोही क्लास-टी जातीचा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते, आणि स्वस्त एएनएल फ्यूज तेवढा प्रवाह तोडेलच याची खात्री नसते.

अडचण एकच: ट्रॅव्हलरची स्वतःची वीज १२ व्होल्टची. म्हणून चालत्या गाडीतून चार्जिंगसाठी १२ ते २४ व्होल्टचा डीसी-डीसी चार्जर लागतो, तोच अल्टरनेटरवरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरचा) ताणही मर्यादेत ठेवतो. २४ व्होल्टच्या बाजूला २० अँपिअर देणारा पुरे: अडीच तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये सव्वा युनिट. रिले टाकून लिथियम थेट अल्टरनेटरला जोडायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना अल्टरनेटर तापून जळतो. छतावर सपाट ठेवलेलं ६०० वॅटचं सोलर उन्हाळ्यात दिवसाला अडीच युनिटच्या आसपास देतं, पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. मुक्कामी प्लग मिळाला तर ३० अँपिअरचा लिथियम चार्जर पाच तासांत चार युनिट भरतो.

मग घरचा ०.८ टनाचा फाइव्ह स्टार स्प्लिट का नको? गैर नाही. त्याच्या कॉइल मोठ्या, त्यामुळे तेवढ्याच विजेत गारवा जास्त, आणि मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतो. पण आउटडोअर युनिटची जागा शोधावी लागते, बॅटरीचा इन्व्हर्टर दहाएक टक्के वीज खातो, आणि आपल्या रस्त्यांवर गॅसच्या नळ्यांचे फ्लेअर जॉइंट सैल होऊन गॅस हळूहळू निघून जातो. ४८ व्होल्टची बॅटरी आणि मोठा इन्व्हर्टर आधीच असता तर मी तोच सुचवला असता. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, तेव्हा कारखान्यातच गॅस भरून सीलबंद आलेलं छतावरचं एकसंध युनिट बरं.

ते ३० किलोच्या घरात असतं. नुसत्या पत्र्यावर बसवलं तर पत्रा दबतो, भोवती पाणी साचतं, मग गळतं. आतून २५ मिमीच्या चौकोनी पाइपची फ्रेम छताच्या आडव्या पट्ट्यांना जोडा, सीलिंगला ब्युटाइल टेप आणि पीयू सीलंट. सिलिकॉन कंपनाने सुटतं. गाडीची उंची वाढते, ती डॅशबोर्डवर लिहून ठेवा. आणि छत कापण्याआधी आरटीओ व विमा कंपनीला विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतले बदल मनासारखे करता येत नाहीत, आणि क्लेमच्या वेळी हाच मुद्दा निघतो.

दहा हजारांच्या आतला ‘१२ व्होल्ट एसी’ म्हणजे पाण्याचा कूलर किंवा पेल्टियर प्लेट (वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती). कॉम्प्रेसर नसेल तर तो एसी नाही. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणं हा तर पर्यायच नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात.

विक्रेत्याकडून कूलिंगचे वॅट आणि विजेचे वॅट वेगळे लिहून घ्या, ब्रोशरमध्ये हे दोन्ही हमखास एकमेकांत मिसळलेले असतात. लो-व्होल्टेज कटऑफ (किती व्होल्टला एसी बंद व्हावा तो आकडा) बदलता येतो का आणि पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) सुटा मिळतो का, हेही विचारा. शक्य असेल तर पैसे देण्याआधी युनिट तासभर चालवून डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर तारेला लावा; साधा क्लॅम्पमीटर इथे शून्यच दाखवतो. खोली गार झाल्यावर २४ व्होल्टवर आकडा १५ अँपिअरच्या आसपास उतरला नाही, तर ते युनिट घेऊ नका.