बोका आधी परत आणा, बुलबुलांचं मग बोलू

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे. रो-हाऊसपुढे छोटी बाग, मधुमालतीच्या वेलात सलग दोन वर्षं बुलबुलांचं घरटं, आणि दोन्ही वर्षी शेजाऱ्यांच्या बोक्यानं पिल्लं खाल्ली. शेजाऱ्यांकडे तक्रार केली तर "मांजरच ते, पक्षी धरणारच" एवढंच उत्तर. यंदा पुन्हा घरट्यात अंडी आहेत. वाचकांनी तीन गोष्टी विचारल्यात: शेजाऱ्यांवर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होईल का, कोर्टातून मनाई मिळेल का, आणि घरटं उचलून गच्चीत ठेवलं तर चालेल का. उन्हाळा लागला की अशी पत्रं येतातच. कुठे बुलबुल, कुठे दयाळ, कुठे कुंडीतल्या झाडाची पानं शिवून केलेलं शिंप्याचं घरटं.

पण या पत्राच्या शेवटी ज्या चार ओळी आहेत, त्यांच्यापुढे वरचे तिन्ही प्रश्न मागे पडतात. मागच्या रविवारी तुम्ही सुकट लावून बोका पिंजऱ्यात धरलात. त्याच्या गळ्यातला निळा पट्टा काढून कचऱ्यात टाकलात. पोत्यात घालून त्याला गंगापूर धरणाच्या रस्त्यावर एका धाब्यामागे सोडून आलात. आणि एवढ्यावर न थांबता शेजाऱ्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलंत, "आता शोधत बसा."

तुमची समजूत अशी दिसते की बोका मारला नाही, विकला नाही, घरी ठेवला नाही, म्हणजे गुन्हा नाही. इथेच तुम्ही अडकता. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो, आणि त्या हेतूच्या व्याख्येत दोन पर्याय आहेत: स्वतःचा किंवा कुणाचा गैरलाभ, किंवा दुसऱ्याची गैरहानी. दोन्हींपैकी एक पुरतो. तुम्हाला कवडीचा फायदा झाला नसेल, पण शेजाऱ्यांची वस्तू त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्या ताब्यातून हलवली आणि ती त्यांना मिळू नये हा हेतू होता, एवढं दिसलं की कलम ३०३ लागू शकतं. पाळीव प्राणी कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ताच आहे. हेतू सिद्ध करणं एरवी सरकारी वकिलांना जड जातं. तुम्ही तो स्वतःच्या नंबरवरून लिहून पाठवलात. पट्टा काढून टाकलात, म्हणजे बोका पाळीव आहे हे माहीत होतं, हेही आलंच. रागाच्या भरात मेसेज पाठवणाऱ्यांना किती वेळा सांगायचं, की बोट पाठवण्याच्या बटणावर जाण्याआधी एक रात्र जाऊ द्या!

आता दिलाशाचा भाग. त्याच कलमात अशी तरतूद आहे की वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा कैदेची नाही, समाजसेवेची. गावठी बोक्याला बाजारभाव नाही, त्यामुळे तुमचं प्रकरण बहुधा याच खणात पडेल आणि पोलीसही ते अदखलपात्र म्हणून नोंदवतील. पण ही सगळी सवलत "परत केली" या शब्दांवर उभी आहे. बोका जिवंत आणि धड परत आला, तर बहुतेक शेजारी ठाण्याची पायरी चढत नाहीत. तो रस्त्यावर गाडीखाली गेला, तर मग त्याच संहितेच्या कलम ३२५ची चर्चा सुरू होते. प्राणी मारणं, विष देणं, जायबंदी करणं, यासाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. धाब्यामागे सोडणं म्हणजे मारणं, हे कोर्टात ठरवणं सोपं नाही. पण तो वाद तुमच्या नावावर चालावा असं तुम्हाला वाटत नसेल.

याखेरीज १९६०चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे. प्राणी भुकेनं, तहानेनं तडफडेल अशा ठिकाणी कारणाशिवाय सोडून देणं कलम ११मध्ये बसतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये, आणि खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. हे वाचून तीन महिने गप्प बसायचं ठरवू नका. चोरीसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे.

तेव्हा आजच्या आज धाब्यावर जा. बोके सोडल्या जागेच्या आसपास दडून बसतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात, म्हणून संध्याकाळी उशिरा जा आणि तोच पिंजरा, तीच सुकट घेऊन जा. धाब्यावरच्या पोरांना फोटो दाखवून ठेवा. सापडला की आधी पशुवैद्याकडे न्या, तपासणीची पावती घ्या, मग शेजाऱ्यांकडे. सोबत दोघांच्या ओळखीचं एक वडीलधारं माणूस असू द्या. व्हॉट्सॲपवर लांबलचक माफीनामे नकोत, समोरासमोर बोला. आणि तो जुना मेसेज पुसू नका. तो त्यांच्या फोनमध्ये आहेच, आणि पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो.

आता तुमचे प्रश्न. बुलबुलांबद्दलची तुमची तळमळ खरी आहे आणि मलाही ती पिल्लं वाचायला हवी आहेत, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ शिकार करणाऱ्या माणसाला धरतो. बोक्यानं पिल्लू उचललं म्हणून त्याच्या मालकानं शिकार केली असं होत नाही. त्यानं मुद्दाम बोका घरट्यावर सोडला असता तर गोष्ट वेगळी. नुकसानभरपाईचंही तेच. मोकळे पक्षी तुमच्या मालकीचे नाहीत, मग नुकसान कुणाचं? आणि मालकीचे असते तरी इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १९२६ साली बकल विरुद्ध होम्स या खटल्यात म्हटलंय की मांजरानं आपल्या स्वभावानुसार शेजाऱ्याची कबुतरं, कोंबड्या मारल्या तर मालक जबाबदार नाही. आपल्या कोर्टांवर तो निवाडा बंधनकारक नाही, पण दिवाणी हानीच्या बाबतीत आपले वकील आजही तिकडचेच दाखले देतात.

घरटं हलवण्याचा विचार मात्र सोडाच. त्याच १९७२च्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कटणंही येतं. कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आपले बहुतेक देशी पक्षी आहेत, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे ऐकून कोर्ट सौम्य होईलही, पण बुलबुल होणार नाहीत. जागा बदललेल्या घरट्याकडे जोडी बहुधा फिरकत नाही. पिल्लं आत आणून पिंजऱ्यात वाढवणं हाही गुन्हाच.

राहिला मनाई हुकूम. दाव्याचं समन्स बजावल्यावर प्रतिवादीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस मिळतात, कोर्टाच्या परवानगीनं नव्वदपर्यंत. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि त्यानंतर जवळपास तितक्याच दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. म्हणजे शेजाऱ्यांची पहिली कैफियत येण्याआधी घरटं रिकामं झालेलं असेल, या ना त्या कारणानं. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज लवकर ऐकला जाऊ शकतो, पण मांजर घरात कोंडा असा आदेश कुणी न्यायाधीश सहज देईल असं मला वाटत नाही. एका घरट्यासाठी चार आठवड्यांत उत्तर देणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण हाच चार आठवड्यांचा हिशोब शेजाऱ्यांपुढे मांडता येतो. "बोका कायमचा कोंडा" ही मागणी कुणी ऐकत नाही. "अंडी दिसल्यापासून महिनाभर पहाटे आणि संध्याकाळी त्याला घरात ठेवा" ही मागणी माणसं ऐकतात, विशेषतः तुम्ही त्यांचा बोका हातात घेऊन उभे असाल तेव्हा. त्याच्या नसबंदीचा खर्च अर्धा उचलायची तयारी दाखवा. नसबंदी झालेला बोका कमी भटकतो. गळ्यात घुंगरू बांधायलाही सांगा. उडणाऱ्या पक्ष्याला त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळतो, घरट्यातल्या पिल्लांना मात्र त्याचा उपयोग नाही.

तुमच्या कुंपणाच्या आतलं सगळं तुमच्या हातात आहे. मधुमालती ज्या खांबावर चढलीय त्याला कमरेच्या वर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं त्यावर धरत नाहीत. वेलाच्या बुंध्याशी बोरीच्या किंवा करवंदाच्या वाळक्या फांद्या टाका. पक्ष्यांचं पाण्याचं भांडं झुडपापासून लांब, उघड्यावर ठेवा, दबा धरायला आडोसा नको. डांबरगोळ्या टाकू नका. मांजरांना त्या विषारी असतात, आणि अपायकारक पदार्थ प्राण्याच्या पोटात जाईल असं करणं पुन्हा तुम्हालाच १९६०च्या कायद्याच्या कलम ११मध्ये नेईल.

बागेत पाळीव बोक्याऐवजी मोकाट मांजरं येत असतील आणि सोसायटीतलं कुणी त्यांना कुंपणाशी खाऊ घालत असेल, तर रस्ता थोडा वेगळा आहे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतल्या नियम २०नुसार अशा प्राण्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर आहे. सोसायटीकडे लेखी अर्ज करा, ती जागा झाडाझुडपांपासून दूर ठरवून मागा आणि अर्जाची पोच घ्या.

बोका आठवडाभरात सापडला नाही, तर शेजाऱ्यांकडे एकटे जाऊ नका आणि काही लिहूनही देऊ नका. नाशिकमधल्याच एखाद्या फौजदारी वकिलाला तो मेसेज दाखवा आणि ते सांगतील तसं पाऊल उचला.