थिएटरात बोलणारी माणसं

प्रिय मनू,

शनिवारी पिक्चरहून परतताना तू विचारलंस, "आई, आपली माणसं थिएटरात गप्प का बसत नाहीत?" आवाज चढवला नव्हतास, तरी लागलं.

आपल्या गावात तेव्हा तीन थिएटरं होती. त्याआधी नुसता जत्रेतला तंबू, टुरिंग टॉकीज. अण्णा जमिनीवर बसून पिक्चर बघत मोठे झाले. माझ्या वेळी स्टँडजवळच्या थिएटरात पुढे बाकडी, मागे खुर्च्या आणि एका अंगाला कठड्यापलीकडे बायकांची वेगळी जागा. पिक्चरच्या पेट्या एसटीने यायच्या. रीळ तुटलं, चित्र धूसर झालं की ओरडावंच लागायचं, नाहीतर ऑपरेटरला कळणार कसं? त्यात तुझ्या पणजीला हिंदी येत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं. ताईमावशी तिला मोठ्यांदा मराठीत गोष्ट सांगायची, "हा हिचा सख्खा भाऊ, पण हिला माहीत नाही हं." शेजारच्या दोन-चार बायका सरकून जवळ यायच्या. कुणी गप्प बसा म्हटल्याचं आठवत नाही.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर फुलं-नाणी उधळायच्या, हे आजीकडून तू ऐकलंयसच. १९९१चा 'माहेरची साडी' मात्र मी स्वतः पाहिलेला. वाड्यावस्त्यांवरनं बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या, हमसून रडल्या आणि पडद्यावरच्या सासूच्या नावानं बोटं मोडली. घरी ज्यांची सासूपुढे तोंड उघडायची टाप नव्हती, त्याच.

गोड गोड तेवढंच सांगतेय असं वाटेल तुला. तर ऐक, अंधारात शिट्ट्याही यायच्या आणि नको ते शब्दही. तो कठडा उगीच नव्हता. कॉलेजात गेल्यावर ताईमावशीनं पिक्चर सोडलाच, आणि का म्हणून घरात कुणी विचारलं नाही.

मग व्हिडिओ आला, केबल आली. घरबसल्या दिसत असताना ढेकणांच्या खुर्चीत कोण बसणार? पुढे रिळं जाऊन डिजिटल आलं, तो खर्च आपल्या गावच्या गल्ल्याला झेपला नाही. स्टँडजवळचं पाडून दुकानगाळे झाले. नदीकडच्याचं मंगल कार्यालय झालं, मामाचं लग्न तिथलंच. तिसऱ्याला नुसतं कुलूप.

तू शांतपणे बघतोस ते मला आवडतं, खरंच. माझ्यासारखं वाग असं मुळीच म्हणत नाही. पण उन्हाळ्यात आजी येतेय. तिला इंग्रजी कळत नाही, आणि पिक्चरला न्या म्हणून ती हटून बसणारच. कुणीतरी सांगायला लागेल. तुला लाज वाटली तर तू बाबांबरोबर पुढे बस, आम्ही दोघी मागच्या रांगेत बसू.

तुझी,
आई