सिंहस्थ गाठायला हॉटेलच्या करारावर आत्ताच सही करावी का?

प्रश्न: त्र्यंबक रोडला आम्हा दोघा भावांची ३० गुंठे एनए जागा आहे. एका ब्रँडच्या नावाने ४० खोल्यांचं हॉटेल काढायचंय. खर्च ९ कोटी, पैकी साडेपाच कोटी बँकेचे. नकाशे महापालिकेत दाखल केलेत, मंजुरी यायचीय. करारात सहीपासून ६ महिन्यांत बांधकाम आणि १८ महिन्यांत हॉटेल सुरू करायची अट आहे. सुरुवातीची फी १२ लाख, परत मिळणार नाही. मुदतवाढीला दर ३ महिन्यांचे ५ लाख. सही करावी का?

उत्तर: या मसुद्यावर करू नका. जागेत खोट नाही, तारखा मोजायची पद्धत तुमच्या विरुद्ध आहे.

बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी, हातात नसताना मुदत सहीच्या दिवसापासून धावू लागते. महापालिकेत फाइल अडकली, तर ते महिने तुमच्या खात्यातून जातात. ‘बांधकाम सुरू’ची व्याख्याही वाचा. अशा करारांत बरेचदा पायाचं काँक्रीट पडलं तरच सुरुवात धरतात; कुंपण, सपाटीकरण, खोदाई मोजत नाहीत. मधे नाशिकचा पावसाळा आहे, आणि सिंहस्थाआधी शहरातला प्रत्येक चांगला ठेकेदार अडकलेला असणार. शेवटच्या टप्प्याचंही तसंच. भोगवटा प्रमाणपत्र आणि फायर एनओसी मिळाली तरी ब्रँडची तपासणी होऊन लेखी परवानगी आल्याशिवाय हॉटेल ‘सुरू’ धरत नाहीत.

५ लाखांच्या मुदतवाढीने दचकू नका. कर्ज पूर्ण उचललं की साडेदहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे ४ लाख ८० हजार व्याज पडेल. तीन महिने उशीर म्हणजे साधारण १४ लाख, वर ते ५. खरी भीती याच्या पुढची. मुदत चुकली म्हणून ब्रँडने करार मोडला, तर भरपाईचं कलम आणि तुम्हा दोघांची वैयक्तिक हमी लागू होते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला भरपाईचा आकडा ही कमाल मर्यादा असते, कोर्ट वाजवी तेवढंच देववतं. पण तिथवर जायची वेळ का आणायची?

वाटाघाटीत तीन गोष्टी मागा. मुदत सीसीच्या तारखेपासून मोजायची. सरकारी परवानगीला उशीर झाला तर फी न घेता मुदतवाढ. आणि वैयक्तिक हमी काढायची, नाहीच जमलं तर तिला रकमेची मर्यादा. पहिलीवर अडून बसा. बाकीच्या दोन्हींत थोडं मागेपुढे चालेल.

सिंहस्थाचं म्हणाल, तर पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, शेवटचं सप्टेंबरात. त्या गर्दीवर दहा-बारा वर्षांचं कर्ज फिटत नाही. हॉटेल एरवीच्या लग्नसराईवर, शनिवार-रविवारच्या वाइन पर्यटनावर आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालायला हवं. तेवढ्यावर हप्ता निघत नसेल, तर हॉटेलच काढू नका.

शिवाय ९ कोटींत जीएसटी धरलाय का? इमारतीच्या बांधकामावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वळता करायची सोय, मिळत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला आता ५ टक्के कर आहे, पण क्रेडिट नाही, त्यामुळे ब्रँडला द्यायच्या रॉयल्टीवरचे १८ टक्के जीएसटीही अंगावर येतात.

सुधारित मसुदा आला की आधी बँकेला दाखवा. हॉटेल सुरू व्हायची बँकेच्या कागदातली तारीख आणि करारातली तारीख वेगळी असेल, तर कमाई सुरू व्हायच्या आधीच हप्ता सुरू होईल.